पाचच्या उन्हाची भिंत

दुपार सरलेली असते आणि संध्याकाळ अजून उंबऱ्याशी आलेली नसते, अशा त्या मधल्या वेळी पश्चिमेच्या खिडकीतून जे ऊन घरात येतं, त्याला टेकायला एखादी भिंत लागते. भिंत पांढरीफेक असली की ऊन तिच्यावर आपटून परत फिरतं, डोळे दिपतात आणि आपण उठून पडदा ओढून घेतो. भिंत गडद असली की ते तिच्यात बुडून जातं, आलं होतं की नाही तेही कळत नाही. पण भिंत मातकट असली, चिकूच्या सालीहून उजळ आणि दुधावरच्या सायीहून गडद, जराशी पिवळी, जराशी तांबूस, कुठल्याच रंगाचा हट्ट न धरलेली, तर ऊन तिथे येऊन बसतं. घाई न करता पसरतं. खिडकीच्या गजांच्या सावल्या तिरक्या होत जातात, त्यांच्या मधल्या पट्ट्या मधाळ होतात, आणि थोड्या वेळानं तळवा टेकवून पाहिला तर भिंत खरोखरच कोमट लागते. त्या कोमटपणाची माझी ओळख जुनी आहे. माझ्या आठवणीतली बरीचशी माणसं त्याच उजेडात उभी आहेत.

हा रंग कुणाच्या आवडत्या रंगांत नसतो. लहान मुलं रंगपेटीतून तो आधी उचलत नाहीत, लग्नाच्या बस्त्यात तो कुणी मागत नाही. साडीच्या दुकानात त्याला चिकू कलर म्हणतात आणि गठ्ठ्याच्या तळाशी ठेवतात, रंगाच्या दुकानात तो कधी बिस्किट, कधी बदामी होतो. त्याला पाहून तोंडून ‘अहाहा’ निघत नाही. त्याच्या सोबतीनं राहावं लागतं. अशा भिंतींच्या मध्ये आजारपणं काढली, पाहुणे झाले, रुसवेफुगवे झाले, मुलांच्या परीक्षा झाल्या, की मग कधीतरी दुसऱ्याच्या घरी बसलेलं असताना उगीचच चुकल्याचुकल्यासारखं वाटतं आणि नजर भिंतींवरून फिरत राहते. ती काय शोधत असते? थोडी ऊब, दुसरं काय!

माझं आजोळ मंगळवेढ्याकडचं. सगळीकडे काळी जमीन, तिच्यात ज्वारी, आणि वर एवढं मोठं आभाळ की सावलीची सोय ज्यानं त्यानं आपली आपण करावी. घर माळवदाचं. लाकडाच्या तुळया, त्यांवर फळ्या, त्यांवर पाला आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा चोपून बसवलेला थर. भिंती मातीच्याच, आणि इतक्या जाड की खिडकीच्या खोबणीत मी पाय पोटाशी घेऊन सहज मावत असे. बाहेर उन्हानं चौकातली फरशी चटके देत असली तरी आत सोप्यात अंग टाकलं की पाठीला गारवा लागायचा. मातीची जाड भिंत दुपारची उष्णता लवकर आत येऊ देत नाही, आणि रात्री हवा गार झाली की दिवसभर धरलेली ती उष्णता हळूहळू सोडून देते. तेव्हा हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं. पाठीला ते आपोआप कळत होतं.

दिवाळीच्या आधी, पावसानं भिंतींची जी काही दैना केली असेल ती निस्तरायला, आजी घर पोतारायला काढायची. आदल्या दिवशी पांढरी माती पिंपात भिजत पडायची. नावाची पांढरी. भिजली की ती तपकिरी व्हायची, वाळली की पिवळसर, आणि तिच्यात चाळलेलं शेण पडलं की जो रंग यायचा तो पांढऱ्याच्या जवळपासही नसायचा. शेणातले बारीक धागे माती धरून ठेवतात, भेगा पडू देत नाहीत. जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळलेल्या त्या कालवणात आजी पोतेरं बुडवायची, खाली बसून सुरुवात करायची आणि उठत उठत वर जायची. उजवा हात खांद्यापासून फिरायचा आणि भिंतीवर एक अर्धगोल उमटायचा, त्याला लागून दुसरा, त्याच्यावर तिसरा. ओली भिंत काळसर, जवळजवळ चिखलाच्या रंगाची दिसायची. मग कडांकडून ती उजळत यायची. आम्ही मुलं त्या सरकत्या कडेवर डोळे लावून बसायचो. घरभर ओल्या मातीचा वास कोंदलेला असायचा आणि मधूनच आजीचा आवाज यायचा, “भित्तीला हात लावू नगंस गं, वली हाय अजून.”

पण मला सांगायचं आहे ते त्यानंतरचं. दिवस कलायचा, चौकाच्या पलीकडच्या भिंतीवरून ऊन तिरपं उतरायचं आणि सोप्याच्या बाजूच्या भिंतीला घासत घासत आत जायचं. दिवसभर सपाट वाटलेली ती भिंत त्या उन्हात उलगडायची. आजीच्या हातानं काढलेला एकूण एक अर्धगोल दिसायला लागायचा. त्याची एक कड उजळ, दुसऱ्या कडेला दोऱ्याएवढी सावली. कुठे बोटांचे चार ओरखडे, कुठे पोतेरं पुन्हा बुडवायच्या आधीची कोरडी फरकाट, वरच्या अंगाला हात पुरेनासा झाला तिथे आखूड होत गेलेले फराटे. आजी तेव्हा चुलीपुढे बसलेली असायची. भिंतीवर मात्र तिचा हात अजून फिरत असायचा.

किती वेळ टिकायचं ते? ऊन सोप्यातून निघून जाईपर्यंत. मग कंदिलाची काच पुसायला कुणीतरी बसायचं आणि भिंत पुन्हा नुसती भिंत व्हायची.

कधी भिंतीचा एखादा पोपडा निघाला की तुटलेल्या कडेला कागदाएवढे पातळ थर दिसायचे. पांढुरका, मातकट, मधूनच एखादा पिवळा. एकेक थर म्हणजे एकेक दिवाळी. त्यातल्या काही माझ्या जन्माआधीच्या, काही आईच्या लग्नाआधीच्या, आणि अगदी आतल्या बहुधा आजी त्या घरात नवी सून होऊन आली तेव्हाच्या, दुसऱ्याच कुणाच्या हातच्या. पोपडा हातात घेतला की बोटांना पिठी लागायची. आजी म्हणायची, टाकू नको, भिजत घाल. जुनी भिंत नव्या मातीत मिसळायची आणि परत भिंतीवर चढायची. वाया काही जायचं नाही.

एक गोष्ट मात्र बोलायला हवी, नाहीतर हे सगळं फार गोड होईल. घर पोतारून झालं की आजीचा खांदा रात्रभर ठणकायचा. आई दिव्याच्या उजेडात तिच्या खांद्याला तेल चोळायची. दोघी बोलायच्या नाहीत. मातीच्या भिंतीची ती मऊ, उबदार छटा एका बाईच्या खांद्यातून दरवर्षी नव्यानं निघत होती, आणि ती बाई थकत चालली होती.

पुढे केव्हातरी अजिंठ्याला गेले तेव्हा तो रंग मला पुन्हा भेटला. पहिल्या लेण्याच्या अंधारात डोळे स्थिरावायला वेळ लागतो. मग आतून हळूहळू माणसं वर येतात. त्यांचे खांदे, गळे, मिटत आलेल्या पापण्या, आणि सगळ्यांची कांती मातीच्याच वेगवेगळ्या छटांची. कातळावर आधी मातीचा गिलावा, त्यात भाताचा तूस आणि वनस्पतींचे धागे, त्यावर पांढरा पातळ हात आणि मग रंग. पिवळी माती, गेरू, काजळी. निळा लाजवर्द तेवढा अफगाणिस्तानच्या डोंगरांतून आलेला, बाकी बहुतेक सगळं पायाखालचं. मी गिलाव्याच्या एका फुटलेल्या कडेकडे पाहत राहिले. तुसाचे बारीक ठसे दिसत होते. पाचव्या शतकातला तो कारागीर आणि पिंपात हात घालून शेणमाती मळणारी माझी आजी, दोघांनाही एकच गोष्ट ठाऊक होती: मातीला धरून ठेवायला काहीतरी तंतूचं लागतं.

आणि माती तरी कुठली? सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरांवर थर पसरले, त्यांचा काळा खडक झाला, खडकाची झीज होत राहिली आणि त्यातलं लोखंड हवेपाण्यानं गंजत गेलं. गंजताना ज्या लोखंडानं पाणी धरून ठेवलं ते पिवळं राहिलं, ज्यानं सोडलं ते तांबडं झालं. पिवळी माती तव्यावर भाजली तर ती गेरूकडे झुकते, ती एवढ्याचसाठी. त्या पिवळ्या-तांबड्याच्या मध्ये कुठेतरी, थोडी राख, थोडा चुना, थोडी धूळ अंगाला लावून आपली ही छटा बसलेली आहे. म्हणूनच की काय, ती घरात लावली की नवी वाटत नाही. पहिल्या दिवसापासून तिला ओळख असते.

वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही राहिलो ते सरकारी क्वार्टरमध्ये. तिथे सगळं पांढरं. चुन्याच्या कळ्या पिंपात टाकून वर पाणी ओतलं की ते रटरटायला लागायचं, वाफा यायच्या आणि आम्हाला कुणीतरी ओरडून लांब करायचं. निवलेल्या चुन्यात नीळ पडायची. ओला चुना भिंतीवर दिसायचाच नाही, हात मारला की नाही अशी शंका यायची. मग वाळता वाळता तो पांढरा फुलत जायचा, निळसर झाक घेऊन, डोळ्यांत भरेल असा. खालच्या अर्ध्या भिंतीला चॉकलेटी ऑइलपेंट, मध्ये एक सरळ काळी रेघ. शाळा, दवाखाना, एसटीचं स्थानक आणि आमचं घर यांच्या भिंती सारख्याच होत्या.

आईला त्या पांढऱ्या भिंतींचा अभिमान होता. तिनं मातीचं घर मागं टाकलं होतं, दर वर्षीचा तो चिखल, तो दुखरा खांदा मागं टाकला होता. पाहुणे आले की ती भिंतीवरचं नसलेलं जळमट पदरानं टिपायची. संध्याकाळी ट्यूबलाइट दोन-तीनदा लुकलुकून लागायची आणि त्या निळसर पांढऱ्या उजेडात आम्ही सगळे जरा जास्तच स्वच्छ आणि जरा फिकट दिसायचो. वडील ऑफिसातून आले की नेहमी थकलेले वाटायचे. ते किती थकलेले असायचे आणि किती त्या उजेडामुळे दिसायचे, हे आता कसं कळणार! त्यांचा एकच चेहरा मला तसा नसलेला आठवतो, आजोळच्या सोप्यातला. तक्क्याला टेकून चहा पिणारे, पाचच्या उन्हात एक गाल उजळलेले वडील. भिंतीवरून परतणारा उजेड त्या भिंतीचा रंग घेऊन परततो आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर ठेवतो. मातीच्या भिंतीनं त्यांच्या चेहऱ्यावर जे ठेवलं ते चुन्याच्या भिंतीला ठेवता आलं नाही.

वडील गेल्यावर आई आमच्याकडे पुण्याला राहायला आली. तिची खोली पश्चिमेची. भिंती बिल्डरनं दिलेल्या, पांढऱ्या. दुपारनंतर ती पडदा ओढून, पाठ खिडकीकडे करून बसायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, “टोचतं गं.” एवढंच. ज्या पांढऱ्या रंगाचं तिनं आयुष्यभर कौतुक केलं, तो तिला आता सोसवत नव्हता. पांढरी भिंत अंगावर पडलेल्या उजेडातला जवळजवळ ८० टक्के परत फेकते. मातकट भिंत साधारण निम्मा परत देते, निम्मा आपल्यापाशी ठेवते. म्हाताऱ्या डोळ्यांना तो निम्माच हवा असतो.

रंगकाम करणाऱ्या दादांनी कार्ड आणलं. नखाएवढे चौकोन, प्रत्येकाखाली एक लांबलचक इंग्रजी नाव. आईनं कार्ड डोळ्यांपासून लांब धरलं, जवळ आणलं, खिडकीशी नेलं, आणि शेवटी बाजूला ठेवून म्हणाली, “दादा, ह्यात नाही. पोतारलेल्या भिंतीचा पाहिजे.” दादा बीडकडचे निघाले. त्यांना पुढे काही सांगावं लागलं नाही. बादलीत पांढरा रंग ओतून त्यांनी पिवळ्या स्टेनरची धार सोडली, काठीनं ढवळलं, मग लालचे थेंब, पुन्हा ढवळलं, आणि शेवटी काठीच्या टोकावर काळा घेऊन नुसता बुडवला. मी काळ्याचं कारण विचारलं. “काळा नाही घातला तर हा रंग ओरडतो, ताई,” ते म्हणाले.

त्यांनी तीन भिंतींवर हातभर चौकोन रंगवून ठेवले आणि काम थांबवलं. हा रंग ओला असताना जरा फिका दिसतो, वाळला की खोल होतो. त्यामुळे पहिला दिवस धरायचाच नाही, असं त्यांचं म्हणणं. मग आमच्या घरात त्या चौकोनांकडे पाहण्याचे दिवस आले. सकाळी, सूर्य इमारतीच्या पलीकडे असताना, ते करडे दिसायचे, किंचित हिरवटही. आई काही बोलायची नाही. दुपारी बाराला त्यांच्यात जीव नसायचा. रात्री ट्यूब लागली की ते पार मरगळायचे. ट्यूबचा उजेड ६५०० केल्विनचा, थंड, त्यात पिवळ्या-तांबड्याचं काही चालत नाही. मग आम्ही २७०० केल्विनचा पिवळसर दिवा आणून लावला आणि त्याच भिंतीवरचा तोच चौकोन जागा झाला. आणि पाच वाजता? पाच वाजता आईनं पहिल्यांदा आपणहून पडदा सरकवला.

खोली रंगवून झाली. तिच्यात नवीन काही आणलं नव्हतं. तीच लाकडी खाट, तेच फडताळ, देवापुढची तीच समई, खुंटीवर तीच हिरवी इरकली, वडिलांचा तोच फोटो. पण आता हे सगळं दिसायला लागलं. समईचं पितळ भिंतीशी नातं जोडून चमकायला लागलं, इरकलीचा हिरवा ओला दिसायला लागला, खाटेच्या लाकडातल्या रेषा मोजाव्याशा वाटायला लागल्या. आईचे पांढरे केस आजवर पांढऱ्या भिंतीवर हरवत होते. आता त्यांना कड आली. फोटोतले वडीलही जरा विसावल्यासारखे वाटले, निदान मला. या रंगाला स्वतःकडे लक्ष वेधून घ्यायचं नसतं. तो पाठीशी उभा राहतो आणि बाकीच्यांना पुढे करतो. घरात अशी एक आजी, एक मावशी असतेच, जिच्यामुळे सगळे आपापल्या जागी शोभतात आणि जिचा फोटो मात्र कुणाकडे धड नसतो.

त्या खोलीत ऊन कसं फिरतं ते मी आईमुळे शिकले. थंडीत सूर्य खाली असतो, त्यामुळे ऊन खोलीत थेट आतवर येतं, खाटेवरून चढून समोरच्या भिंतीच्या कमरेपर्यंत पोचतं. उन्हाळ्यात ते खिडकीशीच घुटमळतं, उत्तरेकडून तिरपं येतं आणि उशिरा येतं. पावसाळ्यात महिनोन्‌महिने येतच नाही. तेव्हा भिंत स्वतःजवळचं थोडंफार काढून देते, असं आई म्हणायची. बाहेर आठवडाभर झड लागलेली, दोरीवरचे कपडे वाळेनात, सगळं जग राखाडी, आणि त्या खोलीत पाऊल टाकलं की चार भिंतींना अजून कालच्या उन्हाची आठवण असल्यागत वाटायचं. माझी मुलगी अभ्यासाची वही घेऊन तिथेच येऊन बसायला लागली. का, ते तिला सांगता येत नव्हतं. तिला आजोळची भिंत ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

मग आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी समजावलं की वयानं डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, तसं ते पिवळंही होत जातं, पुढे तपकिरी होतं आणि निळा उजेड आत येऊ देत नाही. माणसाला ते जाणवत नाही, कारण बदल फार सावकाश होतो. मी ऐकत राहिले. म्हणजे गेली कितीतरी वर्षं आई सगळं जगच पिवळसर तपकिरी पडद्यातून पाहत होती! क्वार्टरच्या त्या पांढऱ्या भिंती शेवटी शेवटी तिला तशा दिसतही नसतील. आजीच्या भिंतीचा रंग तिच्या डोळ्यांतच उतरत चालला होता, आणि आम्ही बादलीत तो मिसळत बसलो होतो.

डोळ्यावरची पट्टी निघाली आणि घरात आल्या आल्या ती स्वयंपाकघराच्या दारात थबकली. “अगं, ह्या फरश्या निळ्या कधी केल्यास?” फरश्या पांढऱ्याच होत्या. मग ती माझ्याकडे वळली, माझ्या साडीकडे पाहिलं, खिडकीतल्या आभाळाकडे पाहिलं, स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि हसली. “किती सुरकुत्या गं!” मी तिच्या मागोमाग तिच्या खोलीशी गेले. पाऊल जड झालं होतं माझं. हा रंग तिनं जुन्या डोळ्यांनी निवडला होता. नव्या डोळ्यांना तो कसा दिसेल, कोण जाणे. वेळही नेमकी तीच, पाचची. ती खाटेवर बसली. भिंतीकडे पाहत राहिली. फार वेळ. मग उठली, भिंतीजवळ गेली, तळवा टेकवला, आणि उन्हाच्या पट्टीत डोळे बारीक करून भिंतीवरून नजर आडवी फिरवली.

“रंग तोच आहे,” ती म्हणाली. “हात तेवढा नाही.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि काही बोलता आलं नाही. रोलरनं लावलेली भिंत गुळगुळीत, एकसारखी. ऊन तिला घासून गेलं तरी तिच्यात उलगडण्याजोगं काही नव्हतं. तो अर्धगोल, ती फरकाट, ते आखूड होत गेलेले फराटे कुठून यायचे! दादांना विचारलं, यावर मातीचा किंवा चुन्याचा एक हात देता येईल का. ते म्हणाले, प्लास्टिक पेंटवर चुना धरत नाही, गळून येईल. चुन्याला खालून भिंतीनं ओढून घ्यावं लागतं. खरंच आहे. आतली भिंत बंद झाली की बाहेरचं काही तिच्यात शिरत नाही.

आई त्यावर हळहळत बसली नाही. तिला दुखऱ्या खांद्याचीही आठवण होती. रंग राहिला आणि कुणाचा खांदा दुखला नाही, हा सौदा तिला वाईट वाटला नसावा. मला मात्र तेव्हापासून एक सवय लागली आहे. कुणाच्याही घरी गेले की मी भिंतीकडे बाजूनं पाहते, उजेडाच्या दिशेनं, नजर तिरकी करून. बहुतेक ठिकाणी काही दिसत नाही. क्वचित एखाद्या जुन्या वाड्यात, एखाद्या देवळाच्या पडवीत, कुणाच्या तरी गावाकडच्या न्हाणीघराच्या भिंतीवर ब्रशचा किंवा तळव्याचा एखादा फटकारा सापडतो, आणि ज्यानं तो ओढला त्याची उंची, त्याचा उजवा-डावा हात, त्याची घाई किंवा निवांतपणा, सगळं समोर येतं. नाव तेवढं येत नाही.

लोक म्हणतात, हा रंग आता चलनात आहे, पुढच्या वर्षी नसेल. असेलही तसं. गेली काही वर्षं सगळं राखाडी होतं, त्याआधी एक भिंत लालभडक आणि बाकीच्या पांढऱ्या होत्या. या येण्याजाण्याशी मातीला काही देणंघेणं नाही. ती ज्वारीच्या कणसांमागे उभी होती, लेण्यांतल्या माणसांमागे होती, चहा पिणाऱ्या वडिलांमागे होती. कुणाच्या तरी मागे उभं राहणं, एवढंच तिचं काम, आणि ते काम तिच्याइतकं चांगलं दुसऱ्या कुठल्या रंगाला जमलेलं मी पाहिलं नाही.

तुम्हाला घर रंगवायचं असेल, तर दुकानातल्या दिव्याखाली कार्ड पाहून ठरवू नका. भिंतीवर हातभर चौकोन लावा, तो वाळू द्या, आणि सकाळी, दुपारी, पाच वाजता, दिवेलागणीला त्याच्याकडे पाहा. मग दिवा बदलून पुन्हा पाहा. आणि शेवटचा शब्द त्या खोलीत सगळ्यात जास्त वेळ जे माणूस बसतं त्याचा असू द्या. पाहुणे घटकाभर येतात आणि जातात, भिंतीसमोर दिवस काढायचे असतात ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला. त्याला विचारा.